दुपारची खूण

मामाच्या लेन्सवर पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे लावलेले आहेत. फोकसच्या रिंगवर, इन्फिनिटीच्या त्या आडव्या आठाजवळ. एकावर टोकदार पेनानं ‘प’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘दु’. पहाट आणि दुपार. दोन्हींमध्ये तांदळाच्या दाण्याइतकंही अंतर नाही. लेन्स लांबच्या डोंगरावर लावली की रिंग एका टोकाला जाऊन अडते, तेच तिचं टोक, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. मामाच्या लेन्सला दोन टोकं आहेत, आणि दोन्ही त्यानं स्वतः शोधलेली आहेत.

लेन्स निकॉनची, ३०० एमएम, एफ/४.५, ईडी काचेची. वजन किलोभर, फोकस हातानं. मामानं चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली, त्यातल्या मधल्या कुठल्यातरी वर्षी बोनसच्या पैशांतून ती जुनी म्हणून घेतलेली. माझ्याकडे मिररलेस कॅमेरा आहे आणि १००-४०० ची झूम. पक्ष्याचा डोळा दिसला की चौकट आपोआप त्यावर जाऊन बसते, सेकंदाला वीस फ्रेम निघतात. दर उन्हाळ्यात आम्ही दोघं सुप्याच्या माळावर जातो आणि दर उन्हाळ्यात वाद घालतो. यंदा वैशाख शुद्ध अष्टमीला झालेला वाद मी लिहून काढतेय, कारण तो लेन्सवरून सुरू झाला आणि अशा जागी जाऊन पोचला की त्यानंतर माझी कॅमेरा धरण्याची वेळच बदलली.

सोलापूर रस्त्यानं चौफुला, तिथून आत वळलं की सुपे. बारामती तालुक्याचा हा कोरडा भाग. इथलं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. नाव मोरगावच्या गणपतीवरून. चिंकारा हे इथलं वैभव. अभयारण्याच्या बाहेरही माळ पसरलेला आहे: खुरटं गवत, मुरूम, मधूनच बाभूळ, एखादं कडुनिंबाचं झाड, लांबवर मेंढ्यांचा कळप. पहाटे पोचलो तेव्हा गाडीचा काटा २३ अंश दाखवत होता.

मामानं मागच्या सीटवरची पिशवी उघडली. लेन्स ओल्या नव्हे, पण धुवट पांढऱ्या पंचात गुंडाळलेली.

“आत्तापासून पंचा?” मी विचारलं. “अजून उजाडलंही नाही.”

“आत्ताच गुंडाळायची. तापल्यावर गुंडाळलीस तर ऊब आत कोंडते. काळी वस्तू आहे ती. गेल्या मे महिन्यात उघड्या उन्हात अर्धा तास ठेवली आणि शॉपमधला इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. बॅरल ५२ अंश! हवा ४० ची होती.”

“म्हणून कॅननच्या मोठ्या टेली पांढऱ्या असतात.”

“१९७० च्या दशकापासून. त्यांनी आत फ्लोराइट वापरलं होतं. फ्लोराइट साध्या काचेच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. पांढरा रंग मिरवायला नव्हता दिलेला, ऊन परतवायला दिला होता. मी पंचा गुंडाळतो, काम तेच.”

गाडीत लेन्स ठेवून जायचं नाही, हा मामाचा दुसरा नियम. त्यामागे एक नुकसान आहे. बरीच वर्षं झाली, एक १३५ एमएमची लेन्स त्यानं बंद गाडीत मागच्या काचेखाली ठेवली आणि लग्नाच्या पंगतीला गेला. दिवसभर गाडी उन्हात. फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ झालं, त्यातलं तेल सुटून हळूहळू अॅपर्चरच्या पात्यांवर पसरलं. पाती चिकटली. बटण दाबलं की ती मिटायला हवीत, ती अर्ध्यातच रेंगाळायची आणि फोटो जास्त उजळ यायचा. दुरुस्त करणाऱ्यानं पाती सोडवून पुसून दिली, पण सहा महिन्यांनी पुन्हा तेच. “ग्रीसची चूक नव्हती,” मामा म्हणतो. “मी त्याला त्याच्या कामाच्या बाहेरचं तापमान दिलं.”

आम्ही एका तालीशेजारी गाडी लावली, खिडक्यांवर बीनबॅग टाकल्या. मी एसी कधीच बंद केला होता आणि चारही काचा खाली घेतल्या होत्या. हे मी मामाकडूनच शिकले. आतली गार हवा आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच एकमेकींत मिसळत राहिली, तर लेन्स कितीही महाग असो, तिच्या तोंडासमोरच पाणी हलल्यासारखं चित्र हलतं.

“मला त्या दोन खुणा नीट समजावून सांग,” मी म्हणाले. “ही रिंग इन्फिनिटीच्या पुढेही फिरते, हे मला माहीत आहे. का फिरते तेही वाचलंय. पण तू खूण नेमकी कुठून आणलीस?”

“आधी तू हिशेब कर. नळी साधारण २०० मिलिमीटर. अॅल्युमिनियम. दर अंशाला लाखात २.३ भाग वाढतं. पहाटे २३, दुपारी ५२.”

मी मोबाइलवर केला. २९ अंशांना ०.१३ मिलिमीटर.

“१३० मायक्रॉन,” मामा म्हणाला. “आमच्याकडे १० मायक्रॉनला जॉब परत यायचा. आणि मोजायचं कुठे, तर २० अंशांच्या खोलीत. जगभर लांबी त्याच तापमानाला मोजतात. गेज हातात फार वेळ धरला तरी साहेब ओरडायचे, कारण हाताची ऊब लागून गेज वाढतो. तीस वर्षं हे केल्यावर मला कोणी सांगू नये की लेन्सवर छापलेली रेघ सकाळ-संध्याकाळ तीच राहते.”

“म्हणजे नळी १३० मायक्रॉननं लांबली, आणि माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल चारेक मायक्रॉनचा. फोकस पार हुकला.”

“थांब. इथेच सगळे फसतात. नळीबरोबर काचही तापते. काच फुगते, तिचा अपवर्तनांक बदलतो, कुठल्या काचेचा कमी होतो, कुठल्या काचेचा वाढतो. एक भिंग प्रतिमा मागे ढकलतं, नळी तीच प्रतिमा पुढे ओढते. काही सरकणं एकमेकांत फिटतं. उरतं ते कुठल्या बाजूला आणि किती, हे कागदावर कळत नाही. मोजावंच लागतं.”

“कशावर मोजलंस? लांबचा टॉवर दुपारी थरथरत असतो.”

मामानं वर बोट केलं. पूर्वेला तांबडं फुटत होतं, वर काहीच नव्हतं.

“चंद्रावर. वद्य अष्टमीचा चंद्र पहाटे डोक्यावर असतो, लेन्स गार असते. शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारी चारला चांगला वर आलेला असतो, लेन्स तापलेली असते. दोन्ही वेळा नजर वर, जमिनीलगतची हवा मध्ये येत नाही. चंद्राच्या उजेड-अंधाराच्या रेघेवर जी विवरं असतात, ती कडक दिसेपर्यंत रिंग फिरवायची. जिथे थांबली तिथे पट्टी.”

मी गप्प बसले. पंचांग घेऊन लेन्सचं कॅलिब्रेशन करणारा माणूस माझा मामा आहे, याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

उजाडलं तशी माळावर हालचाल सुरू झाली. डोंबाऱ्या चंडोल हवेतून झोके घेत खाली येऊ लागले, कुठेतरी पखुर्ड्यांचा आवाज आला. मग डाव्या हाताला वीसेक मीटरवर धाविक दिसला. डोक्यावर विटकरी टोपी, डोळ्यामागे पांढरी रेघ, उंच पाय. हा पक्षी चालत नाही, पळतो. आठ-दहा पावलं सुसाट, मग खिळल्यासारखा उभा, मान खाली, किडा उचलला की पुन्हा पळ.

माझी लेन्स त्याच्या डोळ्यावर बसली आणि बसूनच राहिली. मी चाळीस फ्रेम घेतल्या. मामाचा एकदाच आवाज आला, खट्ट.

“मामा, आता बोल,” मी म्हणाले. “वीस मीटरवर एफ/५.६ ला ४०० एमएमवर मला फोकसची खोली मिळते जेमतेम ८५ सेंटिमीटर. तो दोन सेकंदांत तीन मीटर पळतो. बोटानं हे होत नाही. १९८५ मध्ये मिनोल्टाचा ७००० आला तेव्हापासून चाळीस वर्षं लोक यावर राबले आहेत. इतक्या कष्टांकडे पाठ का फिरवायची?”

“पाठ नाही फिरवत. मी त्याच्या मागे धावत नाही, एवढंच. तो बघ, प्रत्येक वेळी वाळवीच्या वारुळापाशी थांबतो. मी फोकस तिथल्या दगडावर लावला. ३०० ला, एफ/४.५ ला, या अंतरावर सव्वा मीटर खोली. तो आला, मान वर केली, मी दाबलं.”

“एकच फोटो.”

“एकच. पण तो कुठे येणार हे मला वीस मिनिटांपूर्वी कळलं होतं.”

या उत्तरानं मी नेहमी चिडते. यात एक खोच असते की यंत्रानं फोकस करणारा पक्ष्याकडे बघतच नाही. ते खरं नाही. फोकसची काळजी गेली म्हणून माझे डोळे मोकळे झाले. धाविकाचा जोडीदार पन्नास मीटरवर बसून होता, तो मला दिसला, मामाला नाही. त्याला हे सांगितलं. त्यानं दुर्बीण लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “बरोबर आहे तुझं. मी दगडाकडेच बघत होतो.” हट्टी असला तरी मामाला दाखवलेलं दिसतं.

आणखी एक गोष्ट मी त्या सकाळी बोलून टाकली. मामाच्या डिजिटल बॉडीत खालच्या कोपऱ्यात फोकस लागला की हिरवं टिंब उजळतं. तो त्यावर भरवसा ठेवतो. ते टिंब ऑटोफोकसच्याच सेन्सरचं असतं. पूर्वीच्या फिल्म कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दोन अर्धवर्तुळं असायची, त्यांतलं चित्र जुळलं की फोकस, पण एफ/५.६ च्या टेलीवर त्यातलं एक काळं पडायचं. मामानं तेही दिवस काढलेत. “अडुसष्टाव्या वर्षी मला टिंबाची लाज नाही,” तो म्हणाला. “चष्मा लावतो तसंच ते.”

साडेनऊ वाजले आणि हवा बदलली. हे एकदम होत नाही, पण लक्षात एकदम येतं. समोरच्या बाभळीचा बुंधा आधी बुडाशी हलायला लागला, मग कमरेपर्यंत. दोनशे मीटरवर चिंकाऱ्याची मादी उभी होती. तिचे पाय गुडघ्यापासून विरघळल्यासारखे, आणि त्यांच्याखाली चकाकणारं पाणी. संस्कृतानं मृगजळ हा शब्द घडवला तेव्हा कोणीतरी असंच बघत बसलेलं असणार, हरीण आणि त्याच्या पायाशी नसलेलं पाणी.

माझी लेन्स गोंधळली. डोळ्यावर चौकट बसायची, सुटायची, फोकस पुढे जायचा, मागे यायचा. बॅरलमधून मोटरची घरघर ऐकू येत होती. फोटोग्राफर याला हंट करणं म्हणतात. प्रत्येक फ्रेममध्ये कडा वेगळ्या जागी दिसते, यंत्र प्रामाणिकपणे त्या कडेच्या मागे जातं, तोवर ती सरकलेली असते.

“आता बंद कर ते ऑटो,” मामा म्हणाला. “एकदा मधोमध लाव आणि हात काढ. ती मादी हलत नाहीये. हलतेय हवा. हलणाऱ्या हवेवर फोकस करता येत नाही.”

मी मॅन्युअलवर घेतलं, चित्र दहापट मोठं करून रिंग फिरवली. एक क्षण पापण्या दिसायच्या, दुसऱ्या क्षणी सगळा चेहरा रांगोळीवर पाणी पडल्यासारखा. मधल्या जागी सोडून दिलं आणि पन्नास फ्रेम घेतल्या. नंतर घरी बघितलं तेव्हा त्यातल्या दोन बऱ्या निघाल्या. आकाशाचे फोटो काढणारे हेच करतात. हवा कधीतरी क्षणभर स्थिर होते, शेकडो फ्रेमपैकी त्या क्षणाच्या तेवढ्या निवडायच्या. इथे मात्र एक कबूल करते, त्या वेळी मामाची पद्धत बरोबर होती आणि माझी महागडी मोटर चूक होती.

पण दोन बऱ्या म्हणजे बऱ्याच. तीक्ष्ण नव्हेत. ऊन चढलेल्या माळावर उघड्या मुरमाचं तापमान ६० अंशांच्या आसपास जातं. त्याला चिकटलेली हवा तापते, हलकी होते, बुडबुड्यांसारखी वर सुटते, तिच्या जागी गार हवा खाली येते. हवेचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण दहा लाखात एक भाग इतका बदलतो. वाचायला हे काहीच नाही. पण दोनशे मीटरच्या वाटेवर अशी हजारो ओबडधोबड भिंगं तरंगत असतात आणि प्रकाश प्रत्येकातून थोडा वाकतो. शटर वेगवान केलं तर एका क्षणाचं वाकडं चित्र गोठतं, सावकाश ठेवलं तर सगळी वाकडी चित्रं एकमेकांवर चढतात. काच बदलून, कॅमेरा बदलून, पैसे टाकून यातलं काही सुटत नाही. लेन्स जितकी लांब, तितकं हे मोठं होऊन दिसतं.

“यावर उपाय एकच,” मी म्हणाले. “मधली हवा कमी करायची. जवळ जायचं.”

मामा काही बोलला नाही. थर्मासमधला चहा ओतला. मग म्हणाला, “निंबाखाली जाऊ.”

निंबाखाली साडेअकरा वाजता हवा ३९ होती. मामाला सक्तीनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, डोक्याला ओला रुमाल बांधायला लावला. अशा उन्हात काळजी घ्यावी लागते ती लेन्सच्या आधी लेन्स धरणाऱ्याची. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, डोकं दुखलं किंवा घाम थांबला तर फोटो तिथेच सोडायचा. हा नियम माझा आहे, आणि यावर मामा वाद घालत नाही.

“तू जवळ जायचं म्हणालीस,” त्यानं विषय काढला. “दोन वर्षांपूर्वीची माळटिटवी आठवते?”

मला आठवत होती. त्याला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि दोन वर्षं मी ती गोष्ट त्याला बोलले नव्हते.

माळटिटवी म्हणजे पिवळ्या गाठीची टिटवी. उघड्या मुरमात नुसता खळगा करते, चार अंडी घालते, रंग असा की पाय पडेपर्यंत दिसू नयेत. त्या दिवशी दुपारी पावणेबाराला आम्ही गाडीतून उतरून तिच्या दिशेनं गेलो होतो. पंचवीस मीटरवर ती उठली. मामा मोनोपॉडवर लेन्स टेकवून रिंग फिरवत होता. ती परत बसेल, मग घेऊ, म्हणून. ती बसायला यायची, आमच्याकडे बघून परत पळायची.

“मी घड्याळ बघितलं होतं, मामा,” मी म्हणाले. “सहा मिनिटं. तू सहा मिनिटं फोकस लावत होतास. झळांमुळे तो लागत नव्हता, तू पुन्हा पुन्हा लावत होतास. तिची अंडी उन्हात होती. माझी लेन्स असती तर वीस सेकंदांत काम झालं असतं आणि आपण निघालो असतो. त्या दिवसापासून मला तुझ्या त्या रिंगचा राग आहे. तू म्हणतोस हातानं फोकस केलं की माणूस सावकाश होतो. होतो ना. पण त्या सावकाशीची किंमत कोण देतं?”

इतकं मी एका दमात बोलले. मामानं हातातलं पाणी खाली ठेवलं. वर एक होला घुमत होता.

“टिटवी दुपारी अंडी उबवत नाही,” तो म्हणाला, “गार ठेवते. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. नंतर वाचलं. आतल्या जीवाला सदतीस-अडतीस अंश लागतात, चाळीसच्या वर फार वेळ गेला की तो टिकत नाही. ती अंगाची सावली करून उभी राहते. कधी पाणवठ्यावर जाऊन पोट भिजवते आणि तसंच ओलं पोट अंड्यांना लावते. थंडीत पाच मिनिटं उठली तर अंडी निवतात, परत उबदार होतात. मे महिन्यात मुरूम साठ अंशांवर असताना पाच मिनिटं वेगळी.” तो थांबला. “दुसऱ्या आठवड्यात मी एकटा आलो होतो. लांबून बघितलं. खळगा रिकामा होता. पिल्लं निघून गेली की कोल्ह्यानं नेली की आणखी काय, सांगता येत नाही. मी तुला सांगितलं नाही.”

मला काय बोलावं ते सुचेना.

“तुझं खरं आहे,” तो पुढे म्हणाला. “त्या दिवशी तुझी लेन्स माझ्या लेन्सपेक्षा दयाळू ठरली असती. पण मी दोन वर्षं यावर विचार केलाय, तर आता माझं ऐक. वीस सेकंदांत तुला फोटो मिळाला असता. झळांतला. तू स्क्रीनवर बघितला असतास, कडा विरघळलेल्या. मग काय केलं असतंस? आत्ता तासाभरापूर्वी तूच म्हणालीस. मधली हवा कमी करायची. पंचवीसचे पंधरा मीटर केले असते. पंधराचे दहा. तुझा ऑटोफोकस फोकसचा वेळ वाचवतो, हवेचा नाही. आणि हवा सुधारायची तर जवळच जावं लागतं, ज्या वेळी जवळ जाणं तिला सगळ्यात महाग पडतं नेमकं त्याच वेळी.”

हे त्यानं म्हटलं आणि मला माझ्याच चाळीस-चाळीस फ्रेम आठवल्या. खरं होतं. मी कधी एका झोतावर थांबलेले नाही. चित्र हललेलं दिसलं की मी पाऊल पुढे टाकते. झळा आणि टिटवीची अंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी धरून चालले होते. त्या एकच होत्या. साठ अंशांचा जो मुरूम माझा फोटो बिघडवत होता, त्याच मुरमावर ती चार अंडी होती. भिंगातून बाभळीचा बुंधा हलायला लागला, की त्याचा अर्थ जमिनीवर बसलेल्या प्रत्येक जिवाची कठीण वेळ सुरू झाली. यासाठी वेगळा थर्मामीटर नको, कुठली परवानगी वा मनाईची पाटी नको. व्ह्यूफाइंडरमध्येच ते लिहिलेलं असतं.

“मग तू रिंग का सोडत नाहीस?” मी तरीही विचारलं, कारण माझं अर्धंच समाधान झालं होतं. “त्या सहा मिनिटांनंतर तरी?”

“सोडली होती. तीन महिने. मग या दोन पट्ट्या लावल्या. आता मी गाडीतून उतरत नाही. खुणेवरून अंतर आधीच लावून ठेवतो. दहा मीटर, वीस मीटर, चाळीस मीटर, रिंगवर तेही बारीक टिंबांनी आहे, बघ. पक्षी स्वतःहून त्या अंतरात आला तर एक दाबायचा. नाही आला तर बघायचं. आणि बुंधा हलायला लागला की पंचा गुंडाळायचा.”

मला हे पूर्ण पटलेलं नाही, हे इथे लिहिते. सगळे मामासारखे नसतात. नवखा माणूस हातानं फोकस करू लागला तर तो खुणा लावून बसणार नाही, धडपडेल, आणि त्याची धडपड कुणा पक्ष्याच्या वाट्याला येईल. त्याच्या हातात झटकन फोकस करणारी लेन्स असणं बरं. मामा म्हणतो, झटकन मिळालं की झटकन आणखी हवंसं वाटतं. यावर आमचं एकमत झालं नाही. दहा ते चार कुठल्याच घरट्याकडे कॅमेरा न्यायचा नाही, कुठल्याही लेन्सनं, यावर मात्र झालं, आणि ते ठरवायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

दुपार निंबाखाली गेली. मामा झोपला. मी मेंढपाळांच्या कुत्र्याला पाणी पाजलं, कार्डावरचे फोटो चाळले, बरेच पुसले. साडेतीनला एक वावटळ धुरळा उडवत माळावरून गेली. मी पंचा आधीच घट्ट केला होता.

चारच्या सुमारास मामा उठून बसला आणि पूर्वेकडे बघू लागला. आकाश धुळीनं पांढुरकं झालं होतं, तरी अर्धा चंद्र दिसत होता, कागदातून दिसणाऱ्या पाण्याच्या डागासारखा.

“तुझ्या कॅमेऱ्यावर माझी लेन्स बसते ना?”

“अॅडॅप्टर आहे.”

“बसव. पंचा काढ आणि पंधरा मिनिटं उन्हात धर. तापू दे.”

मी धरली. थर्मामीटरनं ४८ दाखवले. ट्रायपॉड नव्हता, गाडीच्या टपावर बीनबॅग ठेवायची म्हटलं तर टप तव्यासारखा, त्यातून उठणारी हवा सगळं बिघडवेल. शेवटी निंबाच्या बेचक्यात पिशवी रोवली आणि त्यावर लेन्स. स्क्रीनवर चित्र दहापट मोठं केलं. रिंग फिरवली. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांचे काठ एक एक करून उभे राहिले. हललेच नाहीत. सकाळपासून पहिल्यांदा मला एखादी कड स्थिर दिसत होती, आणि ती पावणेचार लाख किलोमीटरवरची होती.

“कुठे आली?” मामानं विचारलं.

मी रिंगकडे बघितलं. ‘दु’ च्या पट्टीवर नाही. तिच्या केसभर अलीकडे.

“तुझ्या खुणेवर नाही येत.”

“अॅडॅप्टर थोडा पातळ असणार. बहुतेक तसेच बनवतात, इन्फिनिटी हुकू नये म्हणून. किंवा माझे डोळे.” त्यानं खिशातून चिकटपट्टीची गुंडाळी आणि छोटी कात्री काढली. या वेळी पट्टी निळी होती. तीळभर तुकडा कापला, बोटाच्या टोकावर घेऊन माझ्यापुढे धरला.

“तूच लाव. पण आधी पुन्हा एकदा बघ. रिंग पूर्ण मागे ने आणि परत आण. तीनदा. तिन्ही वेळा एकाच जागी आली तरच लाव.”

मी रिंग मागे नेली.